मोरीच्या पाण्यावरचा माड

माणूस गेलं की त्याच्याबद्दल चांगलंच बोलायची आपल्याकडे रीत आहे. म्हणून सत्यवतीकाकीचं जे वाईट ते मी आधीच सांगून मोकळी होते. ती फटकळ होती. चिकट होती. वाळत घातलेल्या कपड्याला कुणाचं बोट लागलं तरी तिच्या कपाळाला आठी पडायची, आणि तिच्या माडाची खाली पडलेली झावळी कुणी उचलली तर त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार व्हायचा. माझा स्वतःचा एकदा झालेला आहे. त्यांच्या नि माझ्या घरांच्या मध्ये एक चिऱ्याचा गडगा, बुटकी भिंतच म्हणा. वाऱ्याने एक सुकी झावळी माझ्या बाजूला येऊन पडली, ती मी मुकाट्याने बंबाखाली सारली. धूर दिसताच काकी गडग्यापाशी हजर.

"शाळेत पोरांका ह्याच शिकवतंस काय गो लीला? दुसऱ्याचा असला तरी आपला म्हणाचा?"

मी मास्तरीण, गावात चार लोक मला मान देतात, आणि ही बाई एका झावळीपायी मला चोर ठरवत होती. मी आठवडाभर तिच्याशी बोलले नाही. पुढे कळलं की त्या झावळीचे हीर काढून ती वाढवणी, म्हणजे खराटे, बांधायची आणि कट्टा गावच्या बाजारात विकायची, आणि त्या घरात तिची म्हणता येईल अशी वस्तू ती तेवढीच होती. मग माझा राग गेला. शरम मात्र राहिली.

आमचं गाव धामापूर. तळ्यावरून खाली उतरलं की रस्त्याला परुळेकरांचं घर लागतं. काकी त्या घरची थोरली सून, माहेर विजयदुर्गचं. ती लग्न होऊन आली तेव्हा धाकटा दीर गुरुदास रांगत होता. सासू त्याच्या बाळंतपणात जी अंथरुणाला खिळली ती वर्षभर उठली नाही, त्यामुळे हातावरची मेंदी जायच्या आत नव्या नवरीच्या हातात दिराची दुपटी आली. नवरा मुंबईला छापखान्यात होता. गणपतीला यायचा, शिमग्याला यायचा. एका शिमग्याला त्याच्याऐवजी तार आली. विषमज्वर म्हणे. पदरात मूल नाही, वय कोवळं. माहेरचे न्यायला आले होते, पण सासरे, ज्यांना सगळा गाव बाबा म्हणायचा, ते म्हणाले, माझी सून माझ्या घरात राहील.

राहील, पण करील काय? स्वयंपाक सासूचा, पुढे जावेचा. देवाचं विधवेने करायचं नाही. राहता राहिले कपडे. विहिरीपाशी एक मोठी काळी धोंड होती, तिच्यावर काकीने त्या घराचे कपडे जन्मभर आपटले. घरात कुणी जन्मलं की कपडे तिच्याकडे, कुणी मेलं की कपडे तिच्याकडे. पावसाळ्यात पाठीवर इरलं घेऊन धुवायची, उन्हाळ्यात डोक्याला पंचा गुंडाळून. पाण्यात राहून तिच्या बोटांच्या पेरांना कायम पांढऱ्या भेगा असत. त्या भेगांना ती रात्री खोबरेल लावी, आणि ते खोबरेल तिच्या माडाचं असे.

आता त्या माडाची गोष्ट. धोंडेवरचं आणि मोरीचं पाणी चिऱ्यांच्या एका उघड्या पाटाने परसाच्या टोकाला जायचं. तिथे एक मरतुकडा माड होता, बाबा तो तोडायच्या बेतात होते. काकीच्या धुण्याचं पाणी रोज त्याच्या आळ्यात पडू लागलं, त्यात ती चुलीतली राख टाकी, पावसाच्या आधी मीठ घाली. दोनतीन वर्षांत माड असा धरला की त्याच्या नारळांच्या पेंडींना आधार द्यायची वेळ आली. बाबा माणूस न्यायाचा. एका वर्षी गणपतीच्या भजनाला वाडी जमली होती, तेव्हा घरापुढच्या खळ्यात उभं राहून त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं, "मोरयेच्या पाण्यावरचो माड सत्यवतीचो. तेच्या नारळाक आणि पातेक घरातल्या कोणी हात लावचो नाय." कागद झाला नाही, सही झाली नाही. बाबांनी चार माणसांत उच्चारलेला शब्द म्हणजे दगडावरची रेघ, असं तेव्हा आम्हा सगळ्यांना वाटलं.

तेव्हापासून काकी माणसात आली. त्या माडाचे नारळ विकून ती वर्षातून एकदा एसटीने विजयदुर्गला जायची, भाचीच्या लग्नात तिने स्वतःच्या हिमतीवर लुगडं नेसवलं, मिश्रीची डबी तिची कधी रिकामी राहिली नाही. बाकी सगळं त्या घरात तिला मागून मिळायचं. माडाचं मात्र ती न मागता घ्यायची. एवढाच काय तो फरक, पण ज्याला जन्मभर मागावं लागलेलं नाही त्याला तो फरक सांगून कळणार नाही.

बाबा गेले, सासू गेली. गुरुदास घरचा कर्ता झाला. जिल्हा नवा झाला होता, ओरोसला कचेऱ्या उघडत होत्या, त्यातल्या एका कचेरीत तो कारकून म्हणून बदलून आला. माणूस वाईट नव्हता, हे मी मुद्दाम सांगते. दारू नाही, जुगार नाही, काकीला कधी उणा शब्द नाही. त्याची बायको विमला जराशी तोंडाळ, पण तीही चारचौघींसारखीच. त्यांची मुलगी मस्कतला दिलेली. शहाऐंशीच्या दिवाळीत जावयाने सासऱ्यांना कपडे धुवायचं यंत्र पाठवलं. मुंबईहून रात्रीच्या बसच्या टपावर बांधून ते आलं, आणि ते बघायला वाडीतली माणसं लोटली. एका बाजूला कपडे घुसळायची टाकी, दुसऱ्या बाजूला पिळायची. मागच्या पडवीत चिऱ्यांचा चौथरा बांधून ते त्यावर बसवलं. विमलाने त्याला हळदकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली. मी मनात म्हटलं, आता आरती तेवढी राहिली.

"वैनी, आता तुमका आराम," विमला म्हणाली.

"आराम मागितल्यान कोणी?" काकी म्हणाली.

आराम कसला नि काय! टाकीत पाणी काकीने भरायचं, कपडे काकीने घालायचे, घुसळून झाले की उचलून दुसऱ्या टाकीत काकीने ठेवायचे, आणि दांडीवर वाळतही काकीनेच घालायचे. बटण फिरवायला मात्र विमला यायची, कारण ते नाजूक काम. जावयाच्या पत्रांतून "यंत्र कसं चाललंय" अशी चौकशी आली की विमला लिहायची, हात अगदी मोकळे झाले.

यंत्राबरोबर आली पावडर आणि पावडरीबरोबर आला फेस. पाटातून परसभर पांढरा फेस वाहायला लागला. ओरोसचे साहेब एकदा जेवायला आले होते, त्यांनी हात धुताना तो बघून नाक मुरडलं, आणि दुसऱ्याच आठवड्यात गुरुदासने पाट बुजवून सिमेंटचे पाइप पुरायला घेतले.

"पाट उघडो आसलो तर काय अडाकला ता दिसता रे," काकी म्हणाली. "पुरलेल्याचा काय कळताला?"

"वैनी, आता दिवस बदलले," गुरुदास म्हणाला. पण पाइपाचं तोंड काकीच्या माडाच्या आळ्यात सोडायचं त्याने न सांगता कबूल केलं. पाणी जायला कुठेतरी हवंच होतं म्हणा. परसाच्या मध्यावर त्याने देवगडहून आणून लावलेलं हापूसचं कलम होतं, ते नुकतंच भरघोस धरू लागलं होतं. पाइप त्याच्या जवळून सरळ माडाकडे गेला. वर माती ओढली, शेणाने सारवलं, परस कसा चकचकीत झाला.

दीड वर्ष बरं गेलं. अठ्ठ्याऐंशीच्या चैत्रात, मस्कतची मुलगी माहेरपणाला यायची होती त्याच आठवड्यात, यंत्राने पाणी टाकायचं सोडून दिलं. विमलाने बटण फिरवलं, यंत्राची नळी मोरीत गुळगुळली आणि खाली जायचं पाणी उलटं वर आलं. मोरी भरली, पडवी भरली, फेस माजघराच्या उंबऱ्याला लागला. विमलाचा आरडाओरडा मला माझ्या स्वयंपाकघरात ऐकू आला, तशी मी गडग्यापाशी गेले.

"सोडणान भांडी घासतत आणि काथ्यो मोरयेत सोडतत," विमला म्हणत होती. "दहा वेळा सांगलंय. पण वैनीक ह्या मशीन नकोच होता, पयल्या दिसापासून नको होता. आता पाणीच अडवून ठेवल्यानी."

भांडी काकी नारळाच्या सोडणाने घासायची हे खरं. पण तिने मुद्दाम मोरी बुजवली असं म्हणणं म्हणजे कमाल झाली. ती बाई लुगड्याचा ओचा खोचून गुडघाभर फेसात उभी होती.  तिने तांब्याने टाकीतलं पाणी उपसून बादल्या भरल्या. यंत्राची नळी काढून ती उलटी झटकली, आतून कपड्यांची मऊ राखाडी लव, एक बटण आणि विमलाचीच केसांची पिन निघाली. मग मोरीवरची जाळी उचलून तिने कोपरापर्यंत हात आत घातला आणि तिथली घाण मुठीमुठीने बाहेर काढली. काथ्या होता, नाही असं नाही, चिमूटभर. कढत पाणी ओतलं. पाणी तसंच उभं.

"बघा, पुढे खंयतरी काथ्याचो बोळो आसतलो," विमला म्हणाली.

एवढ्यात गुरुदास कचेरीतून आला. त्याच्यादेखत पुन्हा तेच काथ्याचं पुराण सुरू झालं, आणि मग मात्र काकीचा चेहरा मी बघितला. इतक्या वर्षांत तिला कामचुकार कुणी म्हटलं नव्हतं. ती तरातरा माडाकडे गेली, आळ्यात बसली, हाताने माती बाजूला केली आणि पाइपाच्या तोंडात बोटं घालून ओढू लागली. तोंडातून लालसर मुळांची एक जुडी बाहेर आली, मनगटाएवढी. तिने ती चिखलासकट उचलली, पडवीत आणली आणि विमलाच्या पायांपुढे टाकली.

"बघ! काथ्यो न्हय, मुळां आसत! माझ्यार कित्याक घालतंस?"

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते याला. काकी जिंकली होती.  पण गुरुदास खाली वाकला, त्याने एक मूळ बोटांत धरून बघितलं आणि माडाकडे बघितलं. मग काकीनेही माडाकडे बघितलं. तिच्या हातांवरून चिखलाचं पाणी गळत होतं आणि तिला काय होऊन बसलं ते कळलेलं मला गडग्यापलीकडून दिसलं.

"वैनी, ह्या तर माडाचा मूळ," गुरुदास म्हणाला.

"मी काढतंय ना," काकी घाईने म्हणाली. "दर म्हयन्याक मी बसान काढतलंय. तुका त्रास होवचो नाय."

गुरुदास हसला. वाईट हसला नाही, लहान पोराच्या बोलण्याला हसावं तसं हसला. त्याने बांबूची लांब काठी मागवून पाइपात दोन्हीकडून घुसवली, आतला गुंता फुटला आणि पाणी कसंबसं वाहायला लागलं. पण त्याचं ठरलं होतं. आज मुळं काढली, उद्या पुन्हा येतील. माड तसाही म्हातारा झालाय, छपराच्या बाजूला कललाय, एखाद्या वादळात कौलांवर आला तर? त्याचं एकेक कारण खोडून काढण्यासारखं नव्हतं. सगळी कारणं शहाणी होती.

"तो माझो माड आसा रे," काकी म्हणाली.

"वैनी, बागेतले सगळे माड तुझेच. व्हये तितके नारळ घी, कोण तुका विचारता?"

 "तुझे सगळे" असं म्हटलं की माणसाचं एकसुद्धा उरत नाही, हे तिला बोलून दाखवता आलं नसावं. मला दाखवता आलं असतं, पण परक्याच्या घरात मी कोण? तरी मी गडग्यावरून म्हटलंच, "गुरुदास, बाबांचा शब्द होता." तो शुद्ध मराठीत, कचेरीतल्यासारखा म्हणाला, "बाई, बाबांनी माड दिला तेव्हा पाइप नव्हता."

माड पाडायला गणपत आला. वाडीतल्या सगळ्यांचे नारळ तोच पाडायचा, काकीच्या माडावरही तोच चढायचा, आणि नारळ तिच्या हातात मोजून द्यायचा. आमच्याकडे माड कुणी असाच पाडत नाही. खाली नारळ ठेवून जागेवाल्याला, म्हणजे त्या जागेच्या राखणदाराला, गाऱ्हाणं घालतात, घरची सगळी माणसं उभी राहून 'होय म्हाराजा' म्हणतात, मगच कुऱ्हाड. गणपतने डोक्याचं मुंडासं सोडलं, हात जोडले, आणि गुरुदासकडे वळून विचारलं,

"माड कोणाचो म्हणान सांगू?"

त्याला ठाऊक नव्हतं असं नाही. भजनाच्या दिवशी मृदंगावर तोच बसला होता.

"घरचो म्हण," गुरुदास म्हणाला. "घरात वेगळा काय आसता?"

गणपतने मान खाली घातली. "देवा म्हाराजा, जागेवाल्या, ह्या घरचो ह्यो माड आज काढतत. पाण्याक अडचण झाली म्हणान काढतत. कोणाच्या मनात काय वंगाळ नाय. काय चुकला माकला आसात तर पोटात घाल, लेकराबाळांका सांभाळ."

"होय म्हाराजा," गुरुदास म्हणाला. "होय म्हाराजा," विमला म्हणाली.

काकी गप्प. गणपत हात जोडून तसाच उभा राहिला. घरातलं एक तोंड मिटलेलं असताना कुऱ्हाड घालायची त्याची छाती नव्हती. वाईट वाटून त्याने खरं तर तिला वाट करून दिली होती. एक 'नाय' म्हटलं असतं तर त्या दिवशी तो माड पडला नसता, गणपत परत गेला असता. मी गडग्याचा चिरा धरून मनात म्हणत होते, म्हण गो, म्हण.

"वैनी," गुरुदास हळूच म्हणाला, "माणूस खोळंबलो आसा."

माणूस खोळंबलाय म्हटल्यावर काकीच्याने राहवेना. उभा जन्म तिने कुणाला खोळंबून ठेवलं नव्हतं, ना न्हाऊन आलेल्याला टॉवेलासाठी, ना कचेरीत जाणाऱ्याला सदऱ्यासाठी.

"होय म्हाराजा," ती म्हणाली.

माड दुपारी पडला. पडताना कलमाची एक डहाळी मोडली, तेवढ्यावरून गुरुदास गणपतवर ओरडला. शेंड्यातला कोवळा गाभा काढून विमलाने वाडीभर वाटला. तो गोड असतो, माड पडल्याशिवाय खायला मिळत नाही, म्हणून लोक आवडीने खातात. मलाही एक वाटी आली. मी ती गडग्यावर तशीच ठेवली, कावळ्यांनी खाल्ली.

पुढचं वर्ष काकीचं कसं गेलं ते मी बघितलं, आणि ते सांगताना आजही माझं डोकं तापतं. एकदा तिने भेगांना लावायला तेल हवं म्हणून विमलाकडे नारळ मागितले. विमलाने दिले. फक्त विचारलं, "इतके कित्याक गो वैनी?" भांडून नव्हे, सहज. काकीने त्यातले निम्मे परत ठेवले आणि पुन्हा कधी मागितले नाहीत. वाढवणी बांधायची थांबली. त्या वर्षी ती विजयदुर्गला गेली नाही. मी म्हटलं, काकी, एसटीचं मी बघते. तर म्हणाली, "तुझ्या घरात धुणा खूप झाला काय गो, माका इकत घेवक?"  तिच्या जिभेची धार तेवढी अजून कुणी नेली नव्हती याचंच मला बरं वाटलं.

माघात कलम मोहरलं. असा मोहर त्याला आधी कधी आला नव्हता, परसात उभं राहिलं की वासाने डोकं भरून यायचं. गुरुदास रोज कचेरीत जायच्या आधी त्याच्याभोवती एक फेरी मारायचा, यंदा साहेबांना पेटी द्यायची, जावयाला पाठवायची, असे त्याचे बेत चालले होते. आणि त्याच दिवसांत एका रविवारी यंत्राचं पाणी पुन्हा उलटं आलं. तीच मोरी, तोच फेस, तोच माजघराचा उंबरा.

काथ्याचं नाव या वेळी कुणी काढलं नाही. काकी माड पडल्या दिवसापासून भांडी राखेने आणि चिंधीने घासत होती.

माड एकदा पाडला की पुन्हा फुटत नाही, हे कोकणातलं शेंबडं पोरही जाणतं. मग पाइपात शिरलं कोण? गणपतला बोलावलं. त्याने मोरीपासून माती उकरत आणली आणि परसाच्या मध्यावर थांबला. दोन पाइप जोडले होते तिथलं सिमेंट फुटून भेग पडली होती, आणि त्या भेगेतून बारीक, तपकिरी मुळं आत गेली होती. गणपतने तो पाइप फोडला. आत केसांच्या अंबाड्यासारखा गुंता, त्यात यंत्राची राखाडी लव अडकून पार दगड झालेला. त्यातलं एक जाड मूळ धरून तो ओढत ओढत गेला तो कलमाच्या बुंध्याशी जाऊन उभा राहिला.

माडाची मुळं पाइपाच्या तोंडाशी होती, ती खरीच होती. पण ती तोंडाशी होती, हाताने निघाली होती. पाणी अडलं होतं ते इथे. तेव्हा कुणी माती उकरून बघितलीच नव्हती. चोर सोडून संन्याशाला फाशी झाली होती, आणि फाशी जाणाऱ्याकडूनच होकार वदवून घेतला होता.

गणपत कुदळीवर हात ठेवून उभा राहिला.  गुरुदासने खड्ड्यात बघितलं, मग वर मोहराकडे बघितलं. विडी पेटवायला लागतो तेवढा वेळ त्याने विचार केला असेल नसेल.

"पाइप हयसून वळवून घी रे," तो गणपतला म्हणाला. "विहिरीच्या अंगान ने, खाली केळीत सोड. कलमाच्या मुळांका कुदळ लावू नको, आता मोहर आसा."

झालं. गणपतने दुसरीकडून चर खणला, जुनेच पाइप काढून तिकडे बसवले, चार माणसांची न्याहारी होईपर्यंत अर्धं काम उरकलंसुद्धा. दुपारच्या आत पाणी केळीत पडायला लागलं. एवढंच होतं ते.

काकी इतका वेळ पडवीत टाकीतलं पाणी उपसत होती. ती बाहेर आली. आधी उघड्या चराकडे बघितलं, मग कलमाकडे, मग केळीत पडणाऱ्या पाण्याकडे. परसाच्या टोकाला माडाचा बुंधा होता तिकडे तिने बघितलं नाही. ओले हात लुगड्याला पुसत ती गुरुदासच्या समोर येऊन उभी राहिली. मला वाटलं आता हिची जीभ सुटणार. सुटायलाच हवी होती. मी गडग्यावर जवळजवळ चढले होते.

"गुरुदास," ती म्हणाली, आवाज अगदी साधा, "माझ्या माडाच्या वेळेक पाइप असो वळवूक जमला नसता?"

गुरुदासने तिच्याकडे बघितलं. तो चिडला नाही, ओशाळलाही नाही. त्याने खरोखर आठवून बघितलं.

"तेव्हा सुचूक नाय, वैनी," तो म्हणाला.

मी जन्मभर पोरांच्या थापा ऐकल्या आहेत, थाप मला वासावरून कळते. गुरुदास थाप मारत नव्हता. तो थाप मारत असता तर बरं झालं असतं, मी त्याला चार शब्द सुनावले असते आणि त्याला ते लागले असते. त्याला खरंच सुचलं नव्हतं. कलम त्याचं होतं म्हणून वाट एका क्षणात सुचली. आणि जिने त्याची दुपटी धुतली, तिचं या घरात काही असू शकतं आणि ते वाचवायला हवं, हे त्याच्या मनात इतक्या वर्षांत एकदाही आलं नव्हतं. अशा माणसाला शिव्या तरी काय द्यायच्या?

काकीने मान हलवली.

"व्हय," ती म्हणाली. "कसा सुचताला."

मग ती पडवीत गेली. यंत्राच्या टाकीत सकाळपासून कपडे फेसात भिजत पडले होते, बरेचसे गुरुदासचे, त्याला सोमवारी कचेरीत घालायचे. ते तिने बादलीत भरले, विहिरीवर नेले आणि धुवायला बसली.